विष सापडलं, मग पुढे? बडोद्याचा सरबताचा पेला (१८७४) आणि रसायनशास्त्राची साक्ष

काचनळी (धागाकर्ता)

गुन्ह्याच्या तपासात रसायनशास्त्र आणि विषशास्त्र यांचा वाटा किती, हा विषय इथे अधूनमधून निघतो आणि दरवेळी 'आता काय, सगळं मशीनवर कळतं' इथे येऊन थांबतो. मला हे पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीचं एक प्रकरण मांडतो.

९ नोव्हेंबर १८७४. बडोदा संस्थानातला ब्रिटिश रेसिडेंट (म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) कर्नल रॉबर्ट फेअर सकाळचा फेरफटका मारून बंगल्यावर परतला. टेबलावर रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला होता. दोन-तीन घोट घेतले, मळमळायला लागलं, म्हणून उरलेलं सरबत त्याने बाहेर फेकून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तो गाळ रेसिडेन्सीचा सर्जन डॉ. सीवर्ड याच्याकडे गेला आणि तिथून मुंबईला, सरकारी रासायनिक विश्लेषक डॉ. वेलिंग्टन ग्रे याच्याकडे. मुंबईतली ही प्रयोगशाळा तेव्हा अगदी नवी होती, १८७० ची. (मद्रासची १८४९ ची, कलकत्त्याची १८५३ ची.) निष्कर्ष आला: सोमल, म्हणजे आर्सेनिक. गाळात चकाकणारे कठीण कणही होते, ते हिऱ्याची पूड म्हणून खटल्यात मांडले गेले.

गाळ दिसला याचं कारण खुद्द सोमलाच्या स्वभावात आहे. पांढऱ्या सोमलाला चव नाही, वास नाही, म्हणून तर शतकानुशतकं विषप्रयोग करणाऱ्यांनी तो वापरला. पण थंड पाण्यात तो फार थोडा विरघळतो. पूड टाकून नीट हलवली नाही तर तळाशी बसते. फेअर बहुधा यामुळेच वाचला.

सोमल ओळखायची खात्रीची रीत तोवर जुनी झाली होती. इंग्लंडमध्ये जेम्स मार्श नावाचा रसायनतज्ज्ञ एका खटल्यात सोमलाचा पिवळा साका घेऊन ज्युरीपुढे गेला होता, पण तोपर्यंत साका बिघडून गेला होता आणि आरोपी सुटला. मार्शच्या मनाला ते लागलं. १८३६ साली त्याने नवी चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि गंधकाम्ल यांतून हायड्रोजन निघतो. त्यात संशयित नमुना टाकायचा. सोमल असेल तर आर्सिन वायू तयार होतो. तो वायू काचेच्या बारीक नळीतून जाऊ द्यायचा आणि नळी एका जागी तापवायची. तापलेल्या जागेच्या जरा पुढे, काचेच्या आतून तपकिरी-काळा चकचकीत थर धरतो. त्याला सोमलाचा आरसा म्हणतात. अँटिमनीचाही असाच थर येतो, पण सोडियम हायपोक्लोराइटचा थेंब टाकला की सोमलाचा विरघळतो, अँटिमनीचा तसाच राहतो. नळी बंद करून कोर्टात नेता येते, न्यायाधीशांना डोळ्यांनी दिसते.

म्हणजे 'काय' हा प्रश्न सुटला. आता 'कोणी'.

आरोप होता बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुली दिली, महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत माफीचा साक्षीदार झाला. पोलिसांच्या हाती सगळ्यात मोठा पुरावा लागला तो रावजीच्या पट्ट्यात: सोमलाची एक पुडी. ही पुडी २५ डिसेंबरला सापडली, म्हणजे घटनेनंतर सहा आठवड्यांहून जास्त दिवसांनी. आणि तो पट्टा तोपर्यंत दुसऱ्या शिपायाच्या अंगावर होता! महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. पुडीत सोमल आहे हे खरं, पण ती पुडी तिथे कोणी ठेवली?

चौकशी आयोगात सहा जण होते. अध्यक्ष सर रिचर्ड काउच धरून तिन्ही इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरलं. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. रासायनिक अहवाल सगळ्यांपुढे एकच होता, आणि त्यात सोमल होता याबद्दल दोन्ही बाजूंचा फारसा वाद नव्हता.

माझं म्हणणं असं: रसायनतज्ज्ञ 'काय' आणि 'किती' सांगतो. तिथून माणसापर्यंत जायचा रस्ता मुद्देमालाच्या प्रवासातून जातो. बडोद्यात तो रस्ता मध्येच तुटला होता. आजही बहुतेक प्रकरणं तिथेच तुटतात. जाणकारांनी लिहावं.

रानजाई

मस्त धागा! एक प्रश्न. हिऱ्याची पूड खरंच विषारी असते का? जुन्या गोष्टींत 'हिरकणी खाऊन जीव दिला' असं नेहमी येतं. आजीकडूनही ऐकलंय.

काचनळी

नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. जठरातल्या आम्लाने त्याला काही होत नाही, रक्तात उतरायचा तर प्रश्नच नाही. धारदार कणांनी आतडी कापली जातात ही समजूत मात्र भारतातही होती आणि युरोपातही. बडोद्याच्या खटल्यात हिऱ्याचं महत्त्व विष म्हणून कमी आणि खूण म्हणून जास्त. सोमल बाजारात कुणालाही मिळायचा, हिरे नाही. गाळात हिरे असतील तर बोट राजवाड्याकडे वळतं. म्हणून ते कण खरोखर हिऱ्याचे की नुसत्या काचेचे, हा प्रश्न फिर्यादी पक्षासाठी मोठा होता.

बापू_वकील

काचनळी, मांडणी उत्तम. फक्त तुमचं सूत्र उलट बाजूनेही तपासायला हवं. बडोद्यात विष सापडलं आणि गुन्ह्याबद्दल एकमत झालं नाही. आता विष सापडलंच नाही आणि फाशी झाली, असा खटला घ्या. आपल्या पुण्याचाच आहे. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९५९ चा.

थोडक्यात हकिगत. आरोपी डॉक्टर. पुण्यातल्या एका सधन विधवा बाईंच्या घरात त्यांची ऊठबस, त्यांच्या पैशाअडक्याचे व्यवहारही तेच बघत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ते बाईंना तपासणीसाठी म्हणून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. पहाटे गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध. डॉक्टरांनी त्यांना जी. टी. रुग्णालयात नेलं आणि नाव खोटं सांगितलं. बाई दुपारच्या आत गेल्या. आजाराची दिशा मधुमेहाच्या मूर्च्छेकडे दाखवली गेली. प्रेत बेवारस पडून राहिलं, ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी जायच्या बेतात असताना मानेवर खूण दिसली म्हणून शवविच्छेदन झालं. तोपर्यंत दहा दिवस उलटले होते. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) रासायनिक विश्लेषकाकडे गेला. अहवाल: विष आढळले नाही.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष बाई जिवंत असल्याची पत्रं नातेवाइकांना येत राहिली. त्यांनी दुसरं लग्न केलं, लांब राहायला गेल्या, असा मजकूर. दरम्यान त्यांचे शेअर्स, बँकेतली रक्कम, सामानसुमान डॉक्टरांकडे वळत होतं.

बचाव पक्षाचा मुद्दा साधा होता. विषच सिद्ध नाही, तर विषप्रयोग कसला? न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताच्या निकालात तो फेटाळला. काही विषं मागे ठसा सोडत नाहीत, आणि आरोपी स्वतः वैद्यकशास्त्र जाणणारा. अशा वेळी रसायनाचा पुरावा नसला तरी परिस्थितीची साखळी पुरी असेल तर न्यायालय मृत्यूचं कारण तिच्यातून काढू शकतं. न्या. सरकार यांचं मत वेगळं पडलं, तेही वाचण्यासारखं आहे.

याच्या शेजारी १९८४ चा शरद सारडा निकाल ठेवा. हेही पुण्याचंच प्रकरण. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने. विष सापडलं, कोणतं तेही नक्की झालं. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोघांनीही फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी पाहायच्या असं त्या निकालात आहे: हेतू होता का, मृत्यू त्या विषानेच झाला का, आरोपीकडे ते विष होतं का, आणि ते द्यायची संधी त्याला होती का. तिसऱ्या गोष्टीचा पुरावा तिथे नव्हता.

चारपैकी फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल प्रयोगशाळा थेट बोलते. इतर तीन पोलिसांनी आणायच्या असतात. पोलीस मात्र सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) हातात आला की तपास संपला असं धरून चालतात. मी कोर्टात हे वर्षानुवर्षं बघतोय आणि दरवेळी चीड येते, कारण त्याचा फायदा कधी खऱ्या गुन्हेगाराला होतो, तर कधी निर्दोष माणूस कच्च्या कैदेत वर्षं काढतो.

लाखसील

बापू, 'सी.ए. रिपोर्ट आला की तपास संपला' हे तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या टेबलावरून गोष्ट कशी दिसते ते सांगते.

पोलीस शिपाई बरण्या घेऊन येतो. सोबत पत्र, चौकशी फॉर्म, सीलचा नमुना. आम्ही आधी विष बघत नाही, लाख बघतो. बरणीवरचा ठसा पत्रावरच्या नमुन्याशी जुळतो का? लाख तडकलेली, उचकटलेली नाही ना? लेबलवरचं नाव, शवविच्छेदनाचा क्रमांक, तारीख बरोबर आहे का? हे सगळं नोंदवल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. तांबडी लाख, आत रोवलेला दोरा, त्यावर पोलीस ठाण्याचा किंवा रुग्णालयाचा शिक्का. बरणी सीलबंद, ठसा जुळलेला, ही ओळ अहवालात पहिल्यांदा येते ती उगीच नाही. बडोद्याच्या पट्ट्यातली पुडी आमच्याकडे आली असती तर तिच्यावर असं काहीच नसतं.

एका बरणीत जठर आणि त्यातला ऐवज, सोबत लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. रक्त वेगळं. टिकवायला बहुतेक वेळा मिठाचं संपृक्त द्रावण. ज्या मिठाच्या पाण्यात अवयव ठेवले त्याचा कोरा नमुनाही स्वतंत्र बाटलीत यायला हवा, आणि बऱ्याचदा तोच येत नाही. विष त्या पाण्यातूनच आलं नाही हे मग मी कशावरून सांगू?

बरणी उघडली की पहिला पुरावा नाकाला. कीटकनाशकातल्या द्रावकाचा रॉकेलसारखा उग्र दर्प. सेल्फॉसचा (धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचा) लसणीसारखा वास. सायनाइडचा कडू बदामासारखा, पण तो प्रत्येकाच्या नाकाला येतोच असं नाही, काहींना तो जन्मतःच कळत नाही. वास हा पुरावा धरत नाहीत, पण काम कुठून सुरू करायचं ते त्यावरून ठरतं. सेल्फॉसचा संशय असेल तर आम्लाने निघणारा वायू सिल्व्हर नायट्रेटच्या कागदावर धरायचा. कागद काळा पडतो. तेवढ्यावर भागत नाही, पुढे खातरजमा असतेच.

मग अर्क काढणं. मशीन वगैरे सगळं नंतर, खरं काम इथे असतं. सेंद्रिय विषांसाठी आम्ही जी रीत शिकलो तिला स्टास-ऑटो म्हणतात. यातला स्टास बेल्जियमचा. १८५० मध्ये बोकार्मे नावाच्या सरदाराने मेहुण्याला निकोटीन पाजून मारलं आणि वास लपवायला व्हिनेगर ओतलं. तोवर वनस्पतिजन्य विष प्रेतातून वेगळं काढता येत नाही असं सगळे धरून चालत, स्टासने ते काढून दाखवलं. यकृत बारीक करायचं, अल्कोहोल आणि थोडं आम्ल घालून गरम पाण्यावर ठेवायचं, गाळायचं, आटवायचं, चरबी आणि प्रथिनं काढून टाकायची. उरलेला अर्क आधी आम्लधर्मी असताना इथरने हलवायचा, मग अल्कधर्मी करून पुन्हा. निकोटीन, कुचल्यातलं स्ट्रिक्नीन, धोतऱ्यातलं अॅट्रोपिन ही मंडळी दुसऱ्या फेरीत बाहेर येतात. अर्क घाईने काढला तर लाखो रुपयांचं गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरही काही सांगू शकत नाही.

प्रत्येक बॅचबरोबर एक कोरी चाचणी असते. सगळी रसायनं तीच, फक्त नमुना नाही. त्यात काही आलं तर सगळं काम पुन्हा.

काचनळी

ताई, काय सुंदर लिहिलंत. कोरी चाचणी का, याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण १८५९ चं. लंडनमध्ये डॉ. स्मेथर्स्टवर विषप्रयोगाचा खटला चालला. साक्षीला आल्फ्रेड स्वेन टेलर, त्या काळचं विषशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांना एका बाटलीत सोमल सापडला. पुढे निघालं असं की चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतच सोमलाचा अंश होता. बाटलीतल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे तांबं विरघळलं आणि तो बाहेर आला. टेलरना कोर्टात हे मान्य करावं लागलं. तरी ज्युरीने दोषी धरलं आणि फाशीची शिक्षा सुनावली गेली. नंतर ती माफ झाली.

बापू, लागू खटल्याबद्दल. मला तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही. तिथे रसायनशास्त्र गप्प राहिलं आणि साखळीने काम केलं.

बापू_वकील

गप्प राहिलं हे खरं, पण ते का गप्प राहिलं ते न्यायालयाने विचारलं. दहा दिवसांनी विच्छेदन झालेल्या प्रेताचा 'विष आढळले नाही' हा अहवाल म्हणजे 'विष दिलं नव्हतं' असा अर्थ होत नाही, हे निकालात स्पष्ट झालं. माझ्या दृष्टीने हा कायद्याइतकाच रसायनशास्त्राचाही धडा आहे. न्यायाधीशांना विश्लेषणाच्या मर्यादा कळल्या तरच ते असा निकाल देऊ शकतात.

अॅप्रन

न्यायवैद्यक विभागात शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक, विष सापडलं तरी त्याचं प्रमाण वाचणं अवघड असतं. माणूस मेल्यावर औषधं शरीरात जागच्या जागी राहत नाहीत. डिगॉक्सिन (हृदयविकारावरचं औषध) किंवा काही नैराश्यावरची औषधं हृदयाच्या स्नायूतून, यकृतातून आसपासच्या रक्तात पाझरतात. हृदयातलं रक्त घेतलं तर पातळी फुगलेली दिसते आणि नेहमीचा डोस घेणाऱ्या रुग्णावर विषबाधेचा शिक्का बसतो. म्हणून मांडीच्या शिरेतून रक्त घ्यायचं आणि कुठून घेतलं ते बाटलीवर लिहायचं. 'ब्लड' एवढंच लिहिलेली बाटली प्रयोगशाळेला अर्धीच माहिती देते.

दोन, दारू. प्रेत कुजताना जिवाणू स्वतः अल्कोहोल तयार करतात. रक्तात सोडियम फ्लोराइड घातलं नाही तर न पिणारा माणूसही प्यायलेला ठरतो. शंका असेल तेव्हा डोळ्यातला द्रव घ्यावा, तो उशिरा बिघडतो.

आणि कृपा करून व्हिसेरा फॉर्मॅलिनमध्ये पाठवू नका. ते पेशींच्या तपासणीसाठी असतं. विष शोधायच्या अवयवांत ते पडलं की विश्लेषकाचे हात बांधले जातात. अजूनही हे होतं.

बडोदेकर

चार पिढ्या बडोद्यात. मल्हाररावांचं प्रकरण आमच्याकडे अजून घरात बोललं जातं, म्हणून थोडं राजकारण.

२ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला होता की फेअरला इथून हलवा. दादाभाई नौरोजी तेव्हा दिवाण. फिर्यादी पक्ष म्हणाला, वैर होतं म्हणून विष दिलं. बचाव पक्ष म्हणाला, तक्रार वर पोचलेली असताना विष देऊन स्वतःचा घात कोण करून घेईल? फेअरला लवकरच हलवलंही, त्याच्या जागी सर लुई पेली आले. आणि शेवटी एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केलं ते विषप्रयोगासाठी नाही, राज्यकारभार वाईट म्हणून. तो खरंच वाईट होता, हेही लपवायचं कारण नाही. मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक आला, तेच आपले सयाजीराव. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासला वारले.

मला सर दिनकररावांचं फार कौतुक वाटतं. देवरुखचा माणूस, ग्वाल्हेरची दिवाणगिरी केलेला, इंग्रजांच्या विश्वासातला. सगळा दबाव एका बाजूला असताना 'सिद्ध झालेलं नाही' असं लिहून देणं सोपं नव्हतं.

काचनळी

खलित्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बापूंनी सांगितलेल्या चारांपैकी पहिली गोष्ट, हेतू, दोन्ही बाजूंनी वाचता येत होती. आणि दिनकररावांबद्दल शंभर टक्के सहमत.

कापूसपट्टा

यवतमाळकडून. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर गेले, ते तुम्ही वाचलंच असेल. आमच्याकडे कीटकनाशक घराघरांत. अपघात त्याच डब्यातून, आत्महत्या त्याच डब्यातून, आणि कधी खूनही. ताई, अंगात औषध एकच निघणार, मग कोणता मृत्यू कशाने हे तुम्ही कसं सांगता?

ओळखीतल्या एका घरात सून गेली. माहेरचे म्हणत पाजलं, सासरचे म्हणत तिनं घेतलं. अहवालाला इतका उशीर झाला की तोवर दोन्ही घरांचं बोलणंच तुटलं.

लाखसील

दादा, वाचून वाईट वाटलं. उशिराचा त्रास आम्हालाही ठाऊक आहे. प्रलंबित नमुन्यांचा ढीग डोळ्यांसमोर असताना त्यातली प्रत्येक बरणी कुणाच्या तरी घरातली आहे हे विसरता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फवारणीत औषध कातडीतून आणि श्वासातून जातं. तेव्हा ते कपड्यांवर, हातावर, केसांत मिळतं, जठरात नसतं किंवा नावापुरतं असतं. प्यायलं असेल तर जठरातल्या ऐवजात भरपूर असतं, द्रावकाच्या वासासकट. म्हणून अंगावरचे कपडे वाळवून, कागदात गुंडाळून पाठवायला हवेत, प्लॅस्टिकमध्ये कोंबून नाही. डबा, पेला, ताट, उलटी लागलेलं कापड, सगळं हवं. जिवंतपणी रुग्णालयात आणलं असेल तर जठर धुतलेलं पहिलं पाणी आणि पहिलं रक्त जपून ठेवावं. उपचार दोन-तीन दिवस चालले तर शरीर विष मोडून टाकतं आणि नंतरच्या व्हिसेऱ्यात काहीच मिळत नाही. तेव्हा अहवाल 'आढळले नाही' असा येतो आणि घरच्यांना वाटतं आम्ही दाबलं.

पण स्वतःहून प्यायलं की कुणी पाजलं, हे जठर सांगत नाही. कीटकनाशक उग्र असतं, नकळत पाजणं कठीण, म्हणून तोंडाभोवतीच्या, हातांवरच्या जखमा आणि झटापटीच्या खुणा डॉक्टरांनी बघायच्या. चहात, ताकात, दारूत घातलं असेल तर ते भांडं मिळायला हवं. ते पंचनाम्याच्या वेळी उचललं नाही तर पुन्हा मिळत नाही, घरातलं कुणीतरी घासून ठेवतं.

सोनचाफा

यानिमित्ताने विचारते. जुन्या काळी रेल्वेत प्रवाशांच्या खाण्यात धोतरा घालून लुटायचे, ते रसायनाने कसं पकडायचे?

अॅप्रन

धोतऱ्याने सहसा जीव जात नाही, माणूस भ्रमिष्ट होतो आणि पुढे काही आठवत नाही, म्हणून लुटारूंना तो सोयीचा. बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, रुग्ण हवेत अदृश्य दोरे ओढल्यासारखं करतो. जुनी चाचणी म्हणजे लघवीच्या अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा आणि बाहुली फाकते का बघायची. रासायनिक चाचणीत अर्कावर धूर सोडणारं नत्राम्ल टाकून आटवतात आणि मग अल्कोहोलमधलं पोटॅश टाकतात, जांभळा रंग येतो. पण कोर्टात सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो बियांवर. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी वरवर सारखंच. धोतऱ्याचं मूत्रपिंडाच्या आकाराचं, पृष्ठभाग बारीक खाचांचा, कडेला दुहेरी कंगोरा. चाकूने उभं चिरलं की आतला अंकुर धोतऱ्यात बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, मिरचीत आत वळलेला.

नवशिका

मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचंय. कुठून सुरू करू?

लाखसील

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. साधं विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलंस तरी चालेल, माझ्या मते तोच पाया जास्त पक्का. कलिनाच्या मुख्य प्रयोगशाळेत आणि विभागीय प्रयोगशाळांत पदांच्या जाहिराती निघतात, त्यांवर लक्ष ठेव. हाताने अर्क काढायला शिक. आणि मराठीत अहवाल वाचून दाखवायची सवय ठेव. उलटतपासणीत वकील विचारतात ते मराठीतच.

बापू_वकील

नवशिका, यात भर. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आली आहे, राज्यांना ती लागू करायला मुदत आहे. म्हणजे पुढच्या काळात माणसं भरपूर लागणार. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, ते जुन्या संहितेतलं कलम २९३ आता कलम ३२९ आहे. पण बचाव पक्षाने मागणी केली आणि न्यायालयाला योग्य वाटलं तर तुला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल.

कापूसपट्टा

शेवटचं विचारतो. दहन झाल्यावर संशय आला तर काहीच हाती लागत नाही का?

लाखसील

कीटकनाशकं, झोपेच्या गोळ्या, वनस्पतींची विषं जळून जातात, त्यांचा मागमूस राहत नाही. सोमलासारखी धातुजन्य विषं मात्र अर्धवट जळालेल्या अस्थींत, राखेत शोधता येतात. तिथेही एक अडचण असते. ऑर्फिला नावाचा विषतज्ज्ञ १८४० मध्ये फ्रान्समध्ये लाफार्ज खटल्यात प्रेत तपासायला गेला तेव्हा त्याने थडग्याभोवतीची मातीही तपासली, कारण सोमल जमिनीत मुळातच असू शकतो. पुढे त्याच देशात बेनार खटल्यात मातीतून सोमल प्रेतात उतरू शकतो का, यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले आणि १९६१ मध्ये आरोपी बाई सुटली.

म्हणून स्मशानातून अस्थी उचलताना त्याच ओट्यावरची, पण प्रेताच्या जागेपासून लांबची राख आणि माती वेगळ्या डब्यात घ्यायला सांगा. प्रत्येक डब्याला पंचनाम्यात स्वतंत्र क्रमांक, प्रत्येकावर स्वतंत्र सील. उरलेली औषधं, पुड्या, शेवटचं जेवण केलेली भांडी घरात असतील तर तीही त्याच दिवशी, पंचांसमोर.